लाकडाचा ठोकळा

मुलांनो, पूर्वीच्या काळी कर्त्या माणसाच्या सदऱ्याच्या खिशात एक लहानशी वही आणि बोटभर लांबीची पेन्सिल हमखास असे. दुधाचा हिशेब, पाहुण्यांचा पत्ता, डॉक्टरांकडे जावयाचा दिवस, बाजारातून आणावयाच्या जिनसा, सारे काही त्या वहीत टिपलेले असे. वहीचे कोपरे दुमडत, पाने घामाने ओलसर होत, पण ती खिशातून कधी हलत नसे. घरातून निघताना माणूस एखादे वेळी छत्री विसरे. वही मात्र विसरत नसे. तुमच्या आजोबांना विचारा. त्यांच्याजवळ अशी एखादी वही अजूनही जपून ठेवलेली असेल.

या वहीची कामे मुख्यतः चार. कोणत्या दिवशी कोठे जावयाचे ते लक्षात ठेवणे हे पहिले. माणसांची नावे व पत्ते सांभाळणे हे दुसरे. करावयाच्या कामांची यादी ठेवणे हे तिसरे; आणि अचानक सुचलेली किंवा ऐकलेली एखादी गोष्ट टिपून ठेवणे हे चौथे. ही कामे दिसावयास साधी आहेत; पण ती रोजची आहेत, आणि ती चुकली म्हणजे माणसाचा दिवस विसकटतो.

वहीत उणिवाही होत्या. एखाद्याचा पत्ता बदलला की खाडाखोड करावी लागे. वर्ष सरले की नवी वही आणून सारे पत्ते पुन्हा उतरवून काढावे लागत. हवे ते नाव सापडेपर्यंत पाने चाळावी लागत. आणि वही हरवली, तर तिच्याबरोबर तिच्यातील सारे ज्ञानही जाई. ही कामे एखाद्या छोट्या यंत्राकडून करून घेता आली तर किती बरे होईल, असा विचार अनेक अभियंत्यांच्या मनात येऊ लागला. त्यातून विजेच्या सेलवर चालणारे, हातात धरावयाचे जे यंत्र निर्माण झाले, त्याला ‘इलेक्ट्रॉनिक ऑर्गनायझर’ असे नाव पडले. या पाठात आपण त्याला ‘विजेची टिपणवही’ म्हणू. ही टिपणवही कशी असावी, हे ठरविताना एका अभियंत्याने चक्क लाकडाच्या ठोकळ्याचे साहाय्य घेतले. ती हकीकत मोठी बोधप्रद आहे.

विजेच्या टिपणवहीचा प्रारंभ इंग्लंडमध्ये झाला, असे म्हणता येईल. १९८४ साली तेथील सायन नावाच्या कंपनीने ‘ऑर्गनायझर’ या नावाचेच एक यंत्र विक्रीस आणले. त्याच्या पडद्यावर एका वेळी एकच ओळ दिसे आणि त्या ओळीत सोळा अक्षरे मावत. अक्षरांच्या कळा ए, बी, सी अशा क्रमाने मांडलेल्या होत्या. एवढ्याशा पडद्यावर फार काही लिहिता येत नसे. तरीही नावे व पत्ते हातातल्या यंत्रात साठवता येतात, ही गोष्ट लोकांनी प्रत्यक्ष पाहिली.

पुढे १९९३ साली अमेरिकेतील ॲपल कंपनीने ‘न्यूटन’ नावाची टिपणवही बाजारात आणली. तिला अक्षरांच्या कळा नव्हत्या. प्लास्टिकच्या लेखणीने तिच्या पडद्यावर आपल्या नेहमीच्या हस्ताक्षरात लिहावे आणि यंत्राने ते वाचावे, अशी योजना होती. कल्पना खरोखर मोठी होती. परंतु तुम्हांला ठाऊकच आहे, की दोन माणसांचे हस्ताक्षर सारखे नसते. इतकेच काय, एकाच माणसाचे सकाळचे व संध्याकाळचे अक्षरही सारखे नसते. यंत्र पुष्कळदा गोंधळून जाई. लिहिणारा एक लिही आणि पडद्यावर दुसरेच उमटे. लोक त्याची थट्टा करू लागले. शिवाय ते यंत्र सुमारे १८ सेंटीमीटर लांब व ११ सेंटीमीटर रुंद होते आणि त्याचे वजन सुमारे ४०० ग्रॅम होते. सदऱ्याच्या खिशात ते मावत नसे. किंमत तर सुमारे ७०० डॉलर! साध्या वहीचे काम करण्यासाठी एवढे ओझे आणि एवढा खर्च म्हणजे नाकापेक्षा मोती जड, अशीच गत झाली.

याच सुमारास अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात जेफ हॉकिन्स नावाचे एक अभियंता काम करीत होते. त्यांनी १९९२ साली ‘पाम’ नावाची एक लहान कंपनी स्थापन केली होती. इंग्रजीत ‘पाम’ म्हणजे तळहात. तळहातावर मावेल असे यंत्र घडवावे, ही त्यांची आकांक्षा त्या नावातच दिसते. डॉना डुबिन्स्की या बाई कंपनीचा कारभार पाहात. एड कॉलिगन हे विक्रीची बाजू सांभाळीत.

या मंडळींचा पहिला प्रयत्न मात्र फसला. १९९३ सालीच त्यांनी कॅसिओ व इतर काही कंपन्यांच्या सहकार्याने ‘झूमर’ नावाचे एक यंत्र तयार केले. अनेक कंपन्या एकत्र आल्या, म्हणजे प्रत्येकीला आपापली सोय त्या यंत्रात हवी असते. एकीने एक गुण घातला, दुसरीने दुसरा. शेवटी यंत्रात पुष्कळ काही आले. पण ते जड झाले, महाग झाले आणि फारच मंद चालू लागले. लोकांनी त्याकडे पाठ फिरविली.

अशा वेळी माणसे दोन गोष्टी करतात. काहीजण गिऱ्हाइकाला दोष देतात. काहीजण गिऱ्हाइकाला प्रश्न विचारतात. हॉकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरा मार्ग धरला. ज्यांनी ते यंत्र विकत घेतले होते, त्यांच्याकडेच त्यांनी चौकशी केली: तुम्ही हे यंत्र कशासाठी घेतले? त्याचा उपयोग कशासाठी करता? त्यात काय खुपते? उत्तरांवरून दोन गोष्टी त्यांच्या ध्यानात आल्या. पहिली अशी, की या माणसांजवळ टेबलावरचा संगणक आधीपासूनच होता. त्यांना खिशात दुसरा संगणक नको होता. टेबलावरच्या संगणकात जे लिहिले आहे, ते बरोबर नेता यावे, एवढेच त्यांना हवे होते. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची होती. आपली स्पर्धा दुसऱ्या कोणत्याही यंत्राशी नसून कागदाच्या वहीशी आहे, हे हॉकिन्स यांना उमगले.

विचार करून पाहा. वही उघडावयास किती वेळ लागतो? एक क्षण. तिला सुरू होण्यासाठी थांबावे लागत नाही. ती खिशात मावते. ती कशी वापरावी, हे कोणाला शिकवावे लागत नाही. अशा वहीला जो मागे टाकील, तोच जिंकेल. म्हणून हॉकिन्स यांनी नव्या यंत्रासाठी चार कसोट्या ठरविल्या. ते सदऱ्याच्या खिशात मावले पाहिजे. त्याची किंमत ३०० डॉलरच्या आत असली पाहिजे. ते वहीइतके झटपट चालले पाहिजे. आणि टेबलावरच्या संगणकाशी त्याचा मेळ सहज बसला पाहिजे. या चार कसोट्यांना जे उतरणार नाही, ते कितीही मोहक असले, तरी यंत्रात घ्यावयाचे नाही, असा त्यांनी निश्चय केला.

परंतु खिशात मावते, म्हणजे नेमके किती मोठे? हा प्रश्न कागदावर आकडे मांडून सुटण्यासारखा नव्हता. तेव्हा हॉकिन्स यांनी एक युक्ती केली. त्यांनी लाकडाचा एक ठोकळा आपल्या सदऱ्याच्या खिशात बसेल असा कापून घेतला. चीन-जपानकडील लोक ज्या काड्यांनी जेवतात, तशी एक काडी तासून तिची लेखणी बनविली. यंत्राचा पडदा कसा दिसेल, त्याचे चित्र कागदावर काढून तो कागद ठोकळ्यावर लावला. झाले! यंत्र तयार! त्यात ना वीज होती, ना तार, ना स्मृती.

मग त्यांनी हा ठोकळा खिशात घालून रोज हिंडावयास सुरुवात केली. बैठकीत कोणी विचारी, “पुढच्या बुधवारी आपणांस सवड आहे काय?” त्यासरशी हॉकिन्स खिशातून ठोकळा काढीत, त्यावर काडीने टकटक करीत आणि जणू काही खरोखरच पाहिल्यासारखे करून उत्तर देत. कोणाचा दूरध्वनी क्रमांक हवा असला, की पुन्हा ठोकळा बाहेर येई. लाकडावर काडीने लिहिणारा हा गृहस्थ पाहून लोकांना आश्चर्य वाटे. लोकांच्या आश्चर्याची पर्वा न करता हॉकिन्स यांनी कित्येक आठवडे हा उद्योग चालू ठेवला. पडद्याच्या चित्रात बदल करावासा वाटला, की ते नवा कागद लावीत. कळा डावीकडे बऱ्या की खाली बऱ्या, चार पुरेत की अधिक हव्यात, हे ते कागद बदलून पाहात.

यात मोठे शहाणपण होते. खरे यंत्र बनविण्यास पुष्कळ पैसा व अनेक महिने लागतात. आणि एकदा ते बनले, की त्यात बदल करणे कठीण. लाकडाचा ठोकळा जवळजवळ फुकट. आणि कागद बदलावयास एक मिनिट पुरे. शिवाय ठोकळ्याने एक असा प्रश्न सोडविला, की जो कोणत्याही तज्ज्ञाला विचारून सुटला नसता. तो प्रश्न म्हणजे: ही वस्तू मी खरोखर रोज बरोबर बाळगीन काय? आणि बाळगली, तर दिवसातून किती वेळा, कोणत्या कामासाठी बाहेर काढीन? हॉकिन्स यांना दिसून आले, की ठोकळा पुन्हा पुन्हा बाहेर येतो तो त्याच चार कामांसाठी: तारीख पाहण्यासाठी, पत्ता काढण्यासाठी, कामांची यादी तपासण्यासाठी आणि टिपण करण्यासाठी. म्हणजे आजोबांच्या वहीची चार कामे तीच या यंत्राची चार कामे!

त्याप्रमाणे यंत्राच्या तळाशी चार कामांच्या चार कळा बसविण्यात आल्या. कळ दाबताच ते काम पडद्यावर हजर. पडद्यावर किती वेळा बोट किंवा लेखणी टेकवावी लागते, हेही मोजण्यात आले. जे काम रोज दहादा करावयाचे, त्याला कमीत कमी टिचक्या. जे क्वचित करावयाचे, ते थोडे आत दडले तरी चालेल, असा नियम ठरला. नवी भेट लिहून ठेवणे रोजचे असते. म्हणून त्याची जागा अगदी समोर. लिहिलेली भेट खोडणे क्वचित घडते. म्हणून ते आत. तुमच्या आईने स्वयंपाकघरात मिठाचा डबा हाताशी आणि दिवाळीच्या फराळाचा झारा वरच्या फळीवर ठेवलेला असतो. त्यामागचा विचार हाच.

हस्ताक्षराचा प्रश्न उरला होता. ज्या खडकावर न्यूटनची नाव आपटली, तोच हा खडक. हॉकिन्स यांनी येथे एक वेगळीच वाट काढली. यंत्राने प्रत्येकाचे अक्षर ओळखावे, हा हट्ट त्यांनी सोडला. त्याऐवजी लेखणी न उचलता एकाच रेघेत काढता येतील, अशी सोपी अक्षरे त्यांनी ठरविली. इंग्रजी ‘ए’ काढावयाचा, तर मधली आडवी रेघ गाळावयाची. ‘टी’ काढावयाचा, तर डावीकडून आडवी रेघ ओढून तशीच खाली उतरवावयाची. या लिपीला ‘ग्राफिटी’ असे नाव होते. ती शिकावयास माणसाला थोडाच वेळ लागे. आणि एकदा शिकली, की यंत्र सहसा चुकत नसे. माणूस टंकलेखन शिकतो, सायकल शिकतो, मग एवढी अक्षरे का शिकणार नाही, असा हॉकिन्स यांचा विचार होता. माणसाने एक पाऊल पुढे टाकले, म्हणून यंत्राचे पुष्कळ ओझे हलके झाले.

टेबलावरच्या संगणकाशी मेळ घालण्यासाठी यंत्राबरोबर एक लहानशी बैठक देण्यात येई. तिची तार संगणकाला जोडलेली असे. यंत्र त्या बैठकीवर ठेवून एक कळ दाबली, की यंत्रातील नवी टिपणे संगणकात आणि संगणकातील नवी टिपणे यंत्रात उतरत. याचा फायदा केवळ सोयीचा नव्हता. या यंत्राची स्मृती सेलच्या विजेवर टिकून असे. सेल पूर्ण संपून बराच वेळ गेला, तर लिहिलेले सारे पुसून जाई. परंतु त्याची दुसरी प्रत संगणकात असल्यामुळे गेलेले परत मिळे. कागदाची वही हरवली, तर ती सोय नव्हती.

एवढे झाले, तरी काम पुरे होण्यापूर्वी पैशाची अडचण उभी राहिली. न्यूटन व झूमर यांची दशा पाहून अशा यंत्रांवर पैसे लावण्यास कोणी सहजी तयार होईना. ‘खिशातल्या संगणकाचे दिवस येणार नाहीत’ असेच बहुतेकांना वाटू लागले होते. अखेर १९९५ साली यू. एस. रोबॉटिक्स या कंपनीने पाम कंपनी विकत घेतली आणि काम पुढे चालू राहिले. मार्च १९९६ मध्ये ‘पायलट १०००’ आणि ‘पायलट ५०००’ ही दोन यंत्रे विक्रीस आली. पायलट १००० ची किंमत २९९ डॉलर होती आणि त्याचे वजन सुमारे १६० ग्रॅम होते. ते दोन बारीक पेन्सिल सेलवर कित्येक आठवडे चाले. त्याची स्मृती केवळ १२८ किलोबाइट होती, म्हणजे त्यात सुमारे १,३१,००० इंग्रजी अक्षरे मावत. आजच्या फोनवर काढलेले एकच छायाचित्र याच्या कित्येक पट जागा घेते! पण चार कामांना तेवढी जागा पुरेशी होती. न्यूटनपेक्षा पुष्कळ कमी गोष्टी करणारे हे यंत्र लाखो लोकांनी आनंदाने विकत घेतले. आणि विशेष म्हणजे ते कपाटात न ठेवता रोज वापरले.

आता तुम्ही म्हणाल, की सर्वांत लहान आणि सर्वांत सडपातळ यंत्र तेच सर्वांत चांगले. तसेही नाही. फेब्रुवारी १९९९ मध्ये याच कंपनीने एकाच वेळी दोन टिपणवह्या विक्रीस आणल्या. त्यांपैकी एक ‘पाम पाच’. तिचे अंग ॲल्युमिनियमचे होते. जाडी सुमारे १० मिलीमीटर आणि वजन सुमारे ११५ ग्रॅम. इतकी सुटसुटीत, की खिशात आहे की नाही, हे चाचपून पाहावे लागे. दुसरी ‘पाम तीन एक्स’. ती जाड होती आणि तिचे वजन सुमारे १७० ग्रॅम होते. गंमत अशी, की सडपातळ यंत्राची किंमत ४४९ डॉलर आणि स्मृती २ मेगाबाइट. तर जाड यंत्राची किंमत ३६९ डॉलर आणि स्मृती ४ मेगाबाइट. म्हणजे अधिक पैसे देऊन निम्मी स्मृती घ्यावयाची! मग सडपातळ यंत्र घेणारे लोक वेडे होते काय?

अशी कल्पना करा, की दुकानात दोन गिऱ्हाइके आली आहेत. एक आहे शहरातील डॉक्टर. तो दिवसभर एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात जातो. त्याच्या खिशात आधीच पेन, चष्मा व पैशाचे पाकीट आहे. यंत्र जाड असेल, तर दोन दिवसांत तो ते मेजाच्या खणात ठेवून देईल. आणि खणात पडलेली टिपणवही, मग तिच्यात कितीही स्मृती असो, काय कामाची? रात्री घरी गेल्यावर तो ती बैठकीवर ठेवील आणि तिची बॅटरी पुन्हा भरेल. त्याला सडपातळ यंत्रच योग्य.

दुसरा आहे भूगर्भशास्त्रज्ञ. तो महिना-महिना डोंगरात राहतो. तेथे वीज नाही. सडपातळ यंत्राची बॅटरी आत कायमची बसविलेली आहे. ती भरावयास वीज हवी. त्याचे अंगही डिंकासारख्या पदार्थाने चिकटवून बंद केलेले आहे. बॅटरी जुनी झाली, तर साध्या माणसाला ती बदलता येत नाही. जाड यंत्राचे पेन्सिल सेल मात्र कोणत्याही खेड्यातल्या दुकानात मिळतात. त्याच्या पाठपिशवीत थोडी जाडी सहज मावते. त्याला जाड यंत्रच बरे. दोघांनीही शहाणपणानेच निवड केली. आणि दोघांची निवड निराळी झाली. दुकानदाराने दोघांना एकच यंत्र ‘सर्वांत चांगले’ म्हणून दिले असते, तर दोघांपैकी एकाची निश्चितच फसगत झाली असती.

यावरून वस्तू निवडताना काय पाहावे, हे तुमच्या ध्यानात येईल. ही वस्तू काय काय करू शकते, हा प्रश्न दुकानदाराचा आहे. मला रोज काय करावयाचे आहे, हा प्रश्न आपला आहे. आपला प्रश्न आधी विचारावा. मग ती वस्तू बरोबर बाळगता येईल काय, ती बिघडली किंवा तिची शक्ती संपली, तर काय करता येईल, आणि तिच्यातील माहितीची दुसरी प्रत कोठे राहील, हे पाहावे. किंमत व रूप यांचा विचार त्यानंतर करावा. हा क्रम उलटा झाला, की चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, अशी अवस्था होते.

विजेच्या टिपणवह्यांचा काळ फार टिकला नाही. २००७ सालानंतर नव्या प्रकारचे फोन आले. दिनांक, पत्ते, कामांची यादी आणि टिपणे ही चारही कामे फोनच करू लागला. मग वेगळी टिपणवही कोण बाळगणार? २०१० साली ह्यूलेट-पॅकार्ड या कंपनीने पाम विकत घेतली आणि २०११ साली तिच्या यंत्रांचे उत्पादन थांबविले. एके काळी ज्यांसाठी लोक दुकानांत गर्दी करीत, ती यंत्रे आज जुन्या वस्तूंच्या पेटीत पडली आहेत.

परंतु हॉकिन्स यांचा लाकडाचा ठोकळा पेटीत पडलेला नाही. कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू या गावी संगणकाच्या इतिहासाचे एक मोठे संग्रहालय आहे. तेथे खोलीएवढ्या प्रचंड संगणकांच्या सहवासात हा एवढासा ठोकळा जपून ठेवला आहे. सारी बुद्धिमान यंत्रे सभोवती असताना एका निर्जीव लाकडाला हा मान का मिळावा? कारण लाखो लोकांच्या उपयोगी पडलेल्या यंत्राला घडण्यापूर्वी जे शिकावयाचे होते, ते या लाकडाने शिकविले.

तुम्हांलाही पुढे अनेक वस्तू निवडाव्या लागतील. घड्याळ असेल, दप्तर असेल, फोन असेल, सायकल असेल. जाहिरात पाहून मन मोहून जाईल. मित्राजवळ आहे, म्हणून आपल्याजवळही असावी, असे वाटेल. अशा वेळी क्षणभर थांबा. त्या वस्तूच्या आकाराचा आणि वजनाचा एक ठोकळा बनवा. तो लाकडाचा असो, पुठ्ठ्याचा असो, की केवळ मनातला असो. तो आठ दिवस बरोबर वागवा. आठव्या दिवशी तो तुमच्या खिशात असेल, तर ती वस्तू तुमच्या कामाची आहे. तो तिसऱ्याच दिवशी खणात जाऊन पडला असेल, तर तुमचे पैसे वाचले, असे समजा.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची एक-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) खिशातील वहीची मुख्य चार कामे कोणती?
(आ) झूमर हे यंत्र लोकांना का आवडले नाही?
(इ) हॉकिन्स यांनी नव्या यंत्रासाठी कोणत्या चार कसोट्या ठरविल्या?
(ई) पायलट १००० हे यंत्र केव्हा विक्रीस आले? त्याची किंमत काय होती?

२. कारणे सांगा.
(अ) हॉकिन्स लाकडाचा ठोकळा खिशात घालून हिंडत.
(आ) लिहिलेली भेट खोडण्याची सोय पडद्यावर समोर ठेवली नव्हती.
(इ) डॉक्टर व भूगर्भशास्त्रज्ञ यांनी निरनिराळी यंत्रे निवडणे योग्य ठरते.

३. पुढील म्हणी व वाक्प्रचार यांचे अर्थ सांगून त्यांचा आपल्या वाक्यांत उपयोग करा.
नाकापेक्षा मोती जड, चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, पाठ फिरविणे, कसोटीला उतरणे.

४. ‘माणसाने एक पाऊल पुढे टाकले, म्हणून यंत्राचे पुष्कळ ओझे हलके झाले.’ हे वाक्य पाठात कोणत्या प्रसंगी आले आहे? त्याचा अर्थ स्पष्ट करा.

५. तुमच्या घरात हौसेने आणलेली, पण वापरात नसलेली एखादी वस्तू शोधा. ती का वापरली जात नाही, हे घरातील माणसांना विचारा आणि त्यावर दहा ओळी लिहा.